निळ्या खडूची फुली

१

कोर्राडो वरून कोसळला तेव्हा क्षणभर कुणालाच काही वाटलं नाही. भुताखेतांच्या सिनेमात माणसं कोसळतातच.

नीवेसचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला होता. वरच्या सज्जात काळोखातून तो पांढरा मुखवटा हळूहळू पुढे येत होता. खाली धड नाही, हात नाहीत, नुसता चेहरा तरंगतोय असं वाटत होतं. असला उजेड ओत्तावियो ब्रान्दिमार्तेशिवाय अख्ख्या इटलीत कुणाला जमत नव्हता. मग मुखवटा एकाएकी चौकटीतून खाली निसटला आणि दगडी फरशीवर काहीतरी आपटलं. गव्हाचं पोतं गाडीवरून पडावं तसा तो आवाज होता.

त्या जुन्या बंगल्यातल्या दिवाणखान्याच्या सगळ्या खिडक्यांना काळी कापडं ठोकलेली होती. बाहेर नोव्हेंबरची सकाळ असली तरी आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार होता. त्या अंधारात दिग्दर्शक आल्बेरिको किंचाळला, "कठडा! कठडा कोणी काढला?"

कुणीतरी खिडकीवरचं कापड ओढून फाडलं. राखाडी उजेड आत आला आणि सगळ्यांना भुताचं काम करणारा नट कोर्राडो दिसला. प्लॅस्टरच्या मुखवट्याचे तुकडे झाले होते. आतला चेहरा तेवढा शाबूत होता, पण मान नको त्या बाजूला वळलेली होती.

बायका रडायला लागल्या. सुतारांनी टोप्या काढल्या. कॅमेऱ्याशेजारच्या खुर्चीत बसलेले म्हातारे छायालेखक ओत्तावियो मात्र हलले नाहीत. त्यांनी नीवेसची बाही पकडली आणि हळूच विचारलं, "पोरी, दिवा कुठं आहे?"

तिने वर पाहिलं.

तो सज्जा दिवाणखान्याच्या दोन बाजूंनी काटकोनात फिरत गेला होता. काल संध्याकाळी दिवा वळणाच्या अलीकडे उभा केला होता. कोर्राडोने दारातून निघायचं, दिव्याच्या तोंडाकडे सरळ चालत यायचं, चेहऱ्याला धग लागली की थांबायचं. मुखवट्याच्या डोळ्यांना काळी जाळी होती, तिच्यातून प्रखर उजेडाखेरीज त्याला काहीच दिसत नव्हतं. आणि आता तो दिवा वळणाच्या पलीकडे, दुसऱ्या बाजूच्या सज्जावर उभा होता. दारातून त्याच्याकडे सरळ निघालेला माणूस वळणाशी येऊन थेट पोकळीत पाय टाकणार, हे कुणा पोरालाही कळलं असतं.

नीवेस जिना चढून धावत वर गेली. दिव्याच्या स्टँडच्या तिन्ही पायांखाली निळ्या खडूच्या फुल्या होत्या, प्रत्येक फुलीला छोटीशी शेपटी.

अशी फुली जगात एकच माणूस काढायचा.

२

ब्रान्दिमार्तेंचं नाव घेतलं की रोममधली सिनेमावाली माणसं आवाज खाली आणायची. वडील त्यांचे अंकोनाला होड्या रंगवायचे. ओत्तावियो लढाईच्या दिवसांत बातमीपटांसाठी पडक्या शहरांचं चित्रण करत फिरले. तिथे, म्हणायचे, त्यांना कळलं की माणूस मेलेल्याला भीत नाही, अर्ध्या उघड्या दाराला भितो. मग पुढची पंचवीसेक वर्षं त्यांनी तेच अर्धं उघडं दार लोकांना दाखवलं. भुतं, पिशाच्चं, हातमोजे घातलेले खुनी. गोष्ट कसलीही असो, स्वस्तातली असो की भिकार, पडद्यावर त्यांचा अंधार उतरला की थिएटरात कुणी शेंगा सोलायचं नाही. मोठमोठ्या दिग्दर्शकांनी गंभीर चित्रपटांसाठी बोलावलं तरी ते गेले नाहीत. "मला फक्त भीतीच दाखवता येते," एवढंच सांगायचे.

बाईमाणसाच्या हाती कॅमेरा देणारेही त्या काळी तेच एकटे. फ्रिउलीच्या खेड्यातून आलेल्या नीवेसला त्यांनी रिळं वाहण्यापासून कॅमेऱ्यामागे उभं राहण्यापर्यंत शिकवलं होतं.

आणि गेल्या हिवाळ्यापासून नीवेस एक गोष्ट पोटात घेऊन जगत होती.

एकदा तिच्या गळ्यातल्या गर्द निळ्या रुमालाकडे पाहून ते म्हणाले होते, "काळा रंग शोभतो गं तुला." तिला वाटलं थट्टा आहे. पण पुढे तिच्या लक्षात आलं की ते उजेडमापक डोळ्यांसमोर धरतात खरे, पण आकडा वाचत नाहीत. तेव्हापासून ती सहज गप्पा माराव्यात तसा आकडा मोठ्याने म्हणायची आणि ते सहज ऐकल्यासारखे ऐकायचे. दोघांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. ही बातमी फुटली असती तर दुसऱ्या दिवशी त्यांना कुणी साधं लग्नाचं चित्रणही दिलं नसतं.

म्हणून आता वर, त्या निळ्या फुल्यांसमोर उभं राहून तिच्या मनात एकच विचार घोळत होता. हे त्यांच्याच हातून झालं का? त्यांनीच चुकून दिवा तिकडे नेला, खूण केली आणि विसरले?

गावच्या पोलीस ठाण्याचा प्रमुख, मारेशाल्लो बेनिन्कासा, दुपारी आला. जाडा, संथ, आणि कोटाच्या खिशात भाजलेले चेस्टनट भरलेले. त्याने टोपी काढून ओत्तावियोंना आदराने नमस्कार केला.

"माएस्त्रो, तुमचा तो तळघराचा पिक्चर पाहिल्यापासून माझी बायको दारू आणायला खाली जात नाही. मलाच जावं लागतं."

ओत्तावियो हसले नाहीत. ते उठून उभे राहिले.

"लिहून घ्या, मारेशाल्लो," ते म्हणाले. "दिव्याची खूण माझी. कठडा काढायला सांगणाराही मीच. त्या पोराला मी मारलंय."

३

मारेशाल्लोने काहीच लिहून घेतलं नाही. स्वयंपाकघरातल्या लांबलचक टेबलाशी बसून त्याने एकेकाला बोलावलं. नीवेसला त्याने कोपऱ्यात बसवून ठेवलं. "तुमच्या धंद्यातले शब्द मला कोण समजावणार, सिन्योरिना?" असं वरून म्हणाला. तिला मात्र वाटत होतं, हा माणूस माझाच चेहरा वाचतोय.

पहिला आला कालोजेरो, दिवेवाल्यांचा म्होरक्या. सिसिलीचा, हातांवर जुन्या भाजल्याच्या खुणा. परवाच सगळ्यांसमोर त्याने कोर्राडोची गचांडी धरली होती.

"धरली," तो म्हणाला. "माझ्या पोरीला हाका मारत होता. पुन्हा मारल्या असत्या तर दात पाडले असते. दात, मारेशाल्लो! मान मोडण्यातला मी नाही."

"दिवा तूच तिथं उभा केलास ना?"

"खुणेवर केला. छत गळतं म्हणून रात्री सगळे दिवे ट्रकमध्ये जातात, सकाळी खुणांवर परत. फुली दिसली, स्टँड ठेवला."

"काल वळणाच्या अलीकडे होता, आज पलीकडे. तुला खटकलं नाही?"

"खटकलं की. पण आम्ही गेल्यावर माएस्त्रो काहीतरी बदलतात, हे नेहमीचंच. त्यांच्या फुलीशी वाद कोण घालणार? देवाशी घालीन एक वेळ." तो थांबला. "एरवी ते सकाळी प्रत्येक दिव्यापाशी जातात. सान्ता लुचियाचा नवस आहे त्यांचा. खुणेपाशी मेणबत्तीचा थेंब टाकतात आणि सकाळी पायाने चाचपून हळूच काहीतरी पुटपुटतात. मला एकदा दिसलं तर म्हणाले, कुणाला सांगू नकोस, नवस फळत नाही. आज मात्र गेले नाहीत. वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता, त्याच्यापुढे उभे होते."

मारेशाल्लोने चेस्टनटचं टरफल काढलं. "सान्ता लुचिया," तो स्वतःशीच म्हणाला.

दुसरा आल्बेरिको. तिशीतला, देखणा, डोळे रडून लाल झालेले. विद्यार्थी असताना त्याने ब्रान्दिमार्तेंवर पुस्तक लिहिलं होतं, आणि त्या पुस्तकाच्या जोरावरच त्याला हा पहिला मोठा चित्रपट मिळाला होता.

"ते मला वडिलांसारखे आहेत," तो म्हणाला. "पण म्हातारे झालेत हो. मी आधीच थांबवायला हवं होतं. मला धीर झाला नाही."

"खूण त्यांचीच, खात्री आहे?"

"निळा खडू, शेपटीवाली फुली. माझ्या पुस्तकात तिचा फोटोही आहे. ती कुणीही ओळखेल."

"तुम्ही आत्ता करताय तो पिक्चर चांगला होणार होता म्हणे. पेपरात आलंय. 'ब्रान्दिमार्तेचा नवा चित्रपट'."

"हो," आल्बेरिको म्हणाला. "तसंच छापतात ते."

तो गेल्यावर मारेशाल्लो नीवेसकडे वळला. "कठडा का काढला?"

कठडा लाकडी होता. जुना दगडी कधीच पडला होता, म्हणून सुतारांनी उचलून काढता येईल असा नवा बसवला होता. नीवेसने सांगितलं, "सकाळी मी कॅमेऱ्यातून पाहिलं तर मुखवट्यावर कठड्याच्या गजांची सावली पडत होती. मी जाऊन माएस्त्रोंना सांगितलं. ते फोटोवाल्यापाशी होते. म्हणाले, काढून टाका. दिवा भिंतीच्या बाजूला आहे, कोर्राडो तिकडे फिरकणारही नाही."

"काल संध्याकाळी ती सावली होती?"

नीवेसने मान हलवली. "नव्हती."

"मग आज कुठून आली?"

मारेशाल्लो उठला, दारापर्यंत गेला आणि मागे न वळता म्हणाला, "आणखी एक. माएस्त्रोंचे डोळे कसे आहेत?"

"उत्तम," नीवेस म्हणाली. एवढं धडधडीत खोटं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

४

दुसरा दिवस उजाडला. आज सरकारी वकील वितेर्बोहून येणार होते. निष्काळजीपणाने मृत्यू, म्हाताऱ्याला कबूल आहे, काम सोपं. गावातल्या खाणावळीत सगळी मंडळी कॉफीचे पेले समोर घेऊन मुकाट बसली होती. नीवेसला तिथे बसवेना. ती धुक्यातून चालत बंगल्यावर गेली. दारावरचा शिपाई ओळखीचा झाला होता, त्याने सोडलं.

खिडक्या आता उघड्या होत्या. दिवसाच्या उजेडात तो सज्जा अगदी साधा दिसत होता, आणि त्यामुळेच जास्त भयाण. ती वळणाच्या अलीकडे, दिवा मुळात जिथे होता तिथे गेली. फरशीवर खडूचा मागमूस नव्हता. तेवढाच भाग आजूबाजूच्या धुळीपेक्षा जरा स्वच्छ होता, ओल्या फडक्याने पुसल्यासारखा.

ती गुडघ्यांवर बसली. तळवा फरशीवरून फिरवला. बोटांना काहीतरी लागलं. टणक, गुळगुळीत, मसुराएवढं. मेण. हातभर अंतरावर आणखी एक. मग तिसरा. तिन्ही मिळून त्रिकोण होत होता, दिव्याच्या स्टँडच्या तीन पायांचा असतो तसाच.

ती उठून वळणाच्या पलीकडे धावली, जिथून कोर्राडोला मृत्यूने बोलावलं होतं. निळ्या फुल्या तिथे जशाच्या तशा होत्या. तिने फरशी चाचपली. नखाने खरवडून पाहिलं.

मेण नव्हतं.

"नाहीच सापडायचं," मागून आवाज आला.

मारेशाल्लो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला होता, गुडघे फाकवून. तिथे तो कधीपासून होता कोण जाणे.

"सगळ्या बंगल्यात दिव्यांच्या जेवढ्या खुणा आहेत त्या मी सकाळपासून बोटांनी तपासल्यात. कंबर गेली माझी. प्रत्येक फुलीला मेणाचा थेंब आहे, या तीन सोडून. आणि तिथं वळणाच्या अलीकडे थेंब आहेत, पण फुली नाही." त्याने श्वास घेतला. "कुणीतरी माएस्त्रोंची खूण पुसली आणि नवी काढली. खडू त्याला ठाऊक होता. मेण ठाऊक नव्हतं."

नीवेस भिंतीला टेकली. म्हणजे माएस्त्रो चुकले नव्हते! हसावं की रडावं तिला कळेना.

"आता माझी अडचण ऐका," मारेशाल्लो म्हणाला. "या घरात हज्जार मेणबत्त्या जाळल्यात तुम्ही लोकांनी. वकील म्हणेल, मेण काय, कुठंही सांडतं. ते थेंब खुणेचे आहेत हे मला सिद्ध करावं लागेल. आणि चांगले डोळे असलेला माणूस पायाला कळेल अशी खूण कशाला करील? सान्ता लुचिया, सिन्योरिना, डोळ्यांची देवी. माझी आई डोळे आले की तिलाच साकडं घालायची." तो उठला. "ते माझ्यापुढं तोंड उघडत नाहीत. तुम्ही उघडाल?"

५

खाणावळीच्या वरच्या खोलीत ओत्तावियो पलंगावर बसून होते. कोट घातलेला, टोपी मांडीवर, जणू न्यायला येणाऱ्यांची वाट पाहत असावेत.

नीवेसने सगळं सांगितलं. मेणाचं ऐकताच त्यांनी मांडीवरची टोपी बाजूला ठेवली.

"पुन्हा सांग. थेंब कुठं होते?"

"वळणाच्या अलीकडे. तुम्ही टाकले तिथेच."

"म्हणजे मी..." त्यांनी डोळे मिटले. "काल दिवसभर मी मनात तो सज्जा चालत होतो, पोरी. मला शपथेवर आठवत होतं की दिवा अलीकडे ठेवला. पण माझ्या आठवणीवर मीच विश्वास ठेवेना. तू सावली म्हणालीस तेव्हा मी काय करायला हवं होतं? वर जाऊन पाहायला हवं होतं. काल नसलेली सावली आज का येते? इतक्या वर्षांत मी एकही सावली विचारल्याशिवाय सोडली नव्हती. पण मला वाटलं, ती कालही असेल, मलाच दिसली नसेल. ते तुझ्यापुढं उघडं पडू नये म्हणून मी म्हणालो, काढा कठडा."

ती त्यांच्यापाशी जमिनीवर बसली.

"मारेशाल्लोंना डोळ्यांबद्दल सांगावं लागेल," शेवटी ती म्हणाली. "नाही सांगितलं तर तुम्ही तुरुंगात जाल."

"आणि सांगितलं तर?"

ती गळ्यातल्या रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तुरुंगात गेलेल्या छायालेखकाला सुटल्यावर काम मिळतं," ते म्हणाले. "आंधळ्याला कोण देणार?"

खाली मोटार थांबल्याचा आवाज झाला. वितेर्बोचे वकील आले होते.

"तू एक शब्द बोलायचा नाहीस," ओत्तावियो म्हणाले. "माझी शपथ आहे तुला."

६

मारेशाल्लोने सगळ्यांना दिवाणखान्यात उभं केलं. वकील घाईत होते, सारखं घड्याळ बघत होते. मारेशाल्लोने सावकाश, शेतातल्या भानगडी सोडवतो तशाच सुरात, मेणाची गोष्ट सांगितली.

"मुद्दा असा," तो म्हणाला. "काल सकाळी दिवा खोट्या खुणेवर लागला आणि लगेच कठड्याची सावली आली, कारण उजेड आता कठड्यातून आरपार येत होता. म्हणजे खूण हलली तेव्हा कठडा जागेवर होता. हलवणाऱ्याला खून करायचा नव्हता. त्याला वाटलं, कोर्राडो चालत येईल, कठड्याला धडकेल, शिव्या देईल, सगळे हसतील आणि म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं चालेना झालंय. बास, एवढंच."

"मेणाच्या थेंबांवर एवढं?" आल्बेरिको म्हणाला. तो पांढराफटक पडला होता, पण आवाज ठाम होता. "मारेशाल्लो, या घरात पावलोपावली मेण सांडलंय. छायालेखक मेणाने खुणा करतो हे कधी कुणी ऐकलंय? मी त्यांच्यावर पुस्तक लिहिलंय. कशासाठी करतील ते असं?"

वकिलांनी मान डोलावली. "बरोबर आहे. कशासाठी?"

नीवेसने तोंड उघडलं. शपथ गेली खड्ड्यात, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण तिच्या आधी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"कारण मला दिसत नाही," ओत्तावियो म्हणाले.

सगळी डोकी त्यांच्याकडे वळली.

"निळा खडू तर मला वर्षभर दिसलेला नाही. माझ्या डोळ्यांना तो फरशीत विरघळून जातो. पण निळा सोडला असता तर तुम्ही विचारलं असतंत का सोडला, म्हणून तसाच खिशात ठेवला आणि खाली मेण टाकायला लागलो. पायातले हे पातळ कापडी बूट सगळ्यांना वाटतात आवाज होऊ नये म्हणून घालतो." ते जिन्याकडे वळले. "कालोजेरो, खिडक्या झाकून टाक."

खिडक्या झाकल्या गेल्या. काळ्याकुट्ट अंधारात त्यांची पावलं जिना चढताना ऐकू आली, मग सज्जावर. घासत, थांबत, पुन्हा घासत. प्रत्येक ठिकाणी ते मोठ्याने सांगत होते, "इथं लहान दिवा. इथं भिंतीवरचा. इथं आरशाचा." आणि मारेशाल्लो मागोमाग टॉर्च घेऊन प्रत्येक जागी झोत टाकत होता. प्रत्येक वेळी निळी फुली दिसत होती. मग पावलं वळणाशी आली. उघड्या कडेपासून हातभर अंतरावर.

"आणि इथं," अंधारातून आवाज आला, "कोर्राडोचा दिवा."

टॉर्चच्या उजेडात नुसती पुसलेली फरशी होती. वळणाच्या अलीकडे.

खिडक्या उघडल्यावर वकील घड्याळ बघायचे थांबलेले होते.

"राहतो प्रश्न कोण," मारेशाल्लो सज्जातूनच धापा टाकत म्हणाला. "कालोजेरोला मेण माहीत होतं. त्याने खूण हलवली असती तर मेणही खरवडलं असतं, कारण सकाळी माएस्त्रो पायाने तपासणार हे तो जाणून होता. सिन्योरिना नीवेसने सावली दाखवून दिली. तिनेच खूण हलवली असती तर ती सावलीबद्दल गप्प बसली असती. मग मी फोटोवाल्याला गाठलं. त्याला आदल्या दिवशी खाणावळीच्या फोनवरून दिग्दर्शकाचं बोलावणं गेलं होतं. सांगितलं होतं, शॉट सुरू होईपर्यंत म्हाताऱ्याला खाली धरून ठेव, वर जाऊ देऊ नको."

आता सगळे एकाच माणसाकडे पाहत होते.

"आणि एक मला इथल्या प्रत्येकाने सांगितलं, कुणालाच त्याचं विशेष वाटलं नव्हतं. कोर्राडो पडला तेव्हा इथं काही दिसत नव्हतं. कठडा काळा रंगवलेला. असला काय, नसला काय, खालून सारखाच. कुणालाही वाटलं असतं, तो तोल जाऊन कठड्यावरून पडला. पण तुम्ही, दिग्दर्शकसाहेब, 'कोर्राडो' म्हणून ओरडला नाहीत. 'कठडा कोणी काढला' म्हणून ओरडलात. तो कठड्याला धडकणार याची तुम्ही वाट पाहत होतात."

आल्बेरिको खाली बसला, फरशीवरच, भिंतीला पाठ लावून.

"माझा सिनेमा होता," तो म्हणाला. "माझा पहिला. पण जो येईल तो त्यांच्यापाशी. नटही मी सांगितलेलं त्यांना विचारून करायचे. मला फक्त एक सकाळ हवी होती. त्यांचं चुकलंय आणि मी सावरलंय, अशी एकच." त्याने वर ओत्तावियोंकडे पाहिलं. "तुम्ही कठडा का काढलात? का काढलात?"

ओत्तावियो कठड्याविना उघड्या पडलेल्या त्या कडेपाशी उभे होते. मारेशाल्लोने त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं.

७

आल्बेरिकोला शिक्षा झाली. ओत्तावियोंना न्यायाधीशांनी मोकळं सोडलं आणि त्याच आठवड्यात निर्मात्यांचे फोन बंद झाले. चित्रपट पुढे दुसऱ्या दिग्दर्शकाने पुरा केला, कॅमेऱ्यामागे नीवेस होती. तो बरा चालला.

डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली तेव्हा ओत्तावियो म्हणाले, आधी एक काम आहे, आणि ते मला असंच, न दिसता करायचंय. नीवेस त्यांना आगगाडीने किओज्जाला घेऊन गेली. कोर्राडोची आई तिथे कालव्याच्या काठावर राहत होती. मासेमाराची विधवा, काळा पोशाख, हात मिठाने तडकलेले. तिने लेकाचा एकही चित्रपट पाहिला नव्हता. भीती वाटायची म्हणे.

तिने त्यांना बसवलं. ओत्तावियोंनी रस्ताभर जुळवलेली माफी तोंडातच राहिली.

शेवटी तिनेच विचारलं. "तो घाबरला होता का हो? पडायच्या आधी?"

आयुष्यभर लोकांना घाबरवलेल्या त्या माणसाने हातातली टोपी घट्ट धरली.

"नाही, बाई," ते म्हणाले. "त्याला काही दिसतच नव्हतं. समोर फक्त उजेड होता आणि तो त्याच्याकडे चालत होता. असं चालताना माणूस घाबरत नाही. हे मला माहीत आहे."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग उठून तिने चुलीवरचं मासळीचं कालवण तीन ताटल्यांत वाढलं, तिसरी त्यांच्यापुढे सरकवली आणि त्यांचा हात धरून चमच्यावर ठेवला.

"गरम आहे," ती म्हणाली. "जपून खा."